विश्रामबाग : दोन शहरांमधल्या मोकळ्या रानाचे उपनगर

सांगली आणि मिरज या दोन शहरांमधले अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटरांचे आहे आणि आज त्या रस्त्याने जाताना एक गाव कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले हे नवख्या माणसाला कळत नाही. या सलग वस्तीच्या मधोमध विश्रामबाग आहे. सांगलीकरांच्या बोलण्यात 'गावात जाऊन येतो' असे विश्रामबागेतला माणूस अजूनही म्हणतो, म्हणजे गावभाग, हरभट रोड, कापडपेठ हे त्याच्या लेखी अजून 'गाव' आहे. मात्र नव्याने घर घेणाऱ्याची पहिली पसंती विश्रामबागेलाच असते. ती का, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते : तिथे पूर येत नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. 2005 चा महापूर येण्याच्या कितीतरी आधी विश्रामबाग उभी राहिली होती आणि तिच्या रस्त्यांची, प्लॉटांची व मोकळ्या जागांची घडी तोवर बसून गेली होती. शिवाय त्याच काळात, त्याच शहराच्या दक्षिण अंगाला, शामरावनगरसारखी वस्ती सखल काळ्या रानात पसरत होती. एकाच गावाची दोन उपनगरे इतकी वेगळी का निघाली, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की विश्रामबागेचा पाया घरे बांधणाऱ्यांनी घातलेला नाही. तो आधी येऊन बसलेल्या मोठ्या संस्थांनी घातला, आणि त्या संस्था तेथे आल्या त्या जमिनीच्या उंचीमुळे, सलगपणामुळे व दोन संस्थानांच्या मध्ये असण्यामुळे.

मूळ सांगली नदीकाठची. 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णेच्या डाव्या तीरावरच्या या गावी आपली राजधानी केली. गणेशदुर्ग, त्याभोवतीची वस्ती, नदीच्या अगदी जवळ बांधलेले आणि 1844 मध्ये पूर्ण झालेले गणपती मंदिर, मंदिराच्या अंगाने वाढलेल्या पेठा, ही त्या राजधानीची रचना होती. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले ते याच छोट्या दरबारी गावात. पिण्याचे पाणी, घाट, देवस्थान आणि व्यापार या सगळ्यांना नदी जवळ हवी होती, त्यामुळे गाव नदीला चिकटून बसले, आणि पावसाळ्यात पाणी चढले की चार दिवस वरच्या अंगाला जाऊन राहायचे हे लोकांनी गृहीत धरले. पुढे हळद आणि गुळाच्या बाजारपेठेने सांगलीचे नाव लांबवर नेले. तरी हळद साठवायची ती हरिपूरच्या जमिनीत खोदलेल्या पेवांत, म्हणजे पुन्हा नदीच्याच शेजारी. मिरज त्याहून जुनी, भुईकोट किल्ल्याची आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याची. या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात जिरायत शेती होती, दोन संस्थानांच्या हद्दी होत्या आणि वर्दळ म्हणाल तर बैलगाड्यांची. नदीपासून पूर्वेला, कुपवाडच्या बाजूला जसजसे सरकावे तसतशी जमीन हलकेच चढत जाते, काळ्या मातीचा थर पातळ होतो आणि खालचा मुरूम वर येतो. डोळ्यांना हा चढ जाणवतही नाही. पुढची सारी कहाणी मात्र त्याच्यावर उभी आहे.

पहिला बदल रेल्वेने केला. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेची पुण्याकडून येणारी मीटर गेज लाइन मिरजेला पोचली आणि 1891 मध्ये तेथून कोल्हापूरचा फाटा सुरू झाला. मिरज जंक्शन झाले. मुख्य मार्ग सांगली गावाला बगल देऊन गेल्याने सांगली बाजूला पडली. व्यापारावर जगणाऱ्या राजधानीला हे परवडणारे नव्हते. सांगली संस्थानने पुढाकार घेतला आणि 1907 मध्ये मिरज ते सांगली असा छोटा फाटा सुरू झाला. लांबी पाच मैलांच्या आसपास, तरी या फाट्याने सांगलीचे तोंड कायमचे पूर्वेकडे वळवले असे म्हणायला हरकत नाही. 1929 मध्ये कृष्णेवर आयर्विन पूल झाला आणि पश्चिमेकडचा रस्ता बारमाही खुला झाला. तेव्हा गाव पलीकडे, सांगलीवाडीच्या अंगाला वाढेल असे कोणी म्हटले असते तर ते तर्कशुद्धच ठरले असते. तसे घडले नाही. नदीपलीकडची जमीन पुराची, आणि गाडी, जंक्शन, मिशनचा दवाखाना हे सगळे पूर्वेला. पुलाने व्यापार आणला, वस्ती मात्र पलीकडे नेली नाही. त्याच पुलाच्या खांबावरची पाणीपातळी पाहून पुढे जवळपास शंभर वर्षे सांगलीकर आपापले सामान माळ्यावर चढवत आले, हे ओघाने सांगायला हवे.

आता मधल्या पट्ट्याकडे. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी शल्यचिकित्सकांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले होते आणि त्याची कीर्ती लांबवर गेली होती. क्षयरोगावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. कोरडी मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि पौष्टिक आहार हाच उपचार. त्यासाठी गावाबाहेरची, उंचावरची आणि वारा खेळणारी जागा लागत असे. क्षयरोग्यांचे आरोग्यधाम मिरजेबाहेर ज्या ठिकाणी उभे राहिले तिला पुढे वानलेसवाडी हेच नाव पडले. दुसरीकडे डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1919 मध्ये विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकातल्या मुलांना तोवर कोल्हापूर, पुणे किंवा धारवाड गाठावे लागे. त्या सर्वांना रेल्वेने सोयीचे पडेल असे हे ठिकाण होते. कॉलेजला वर्ग हवे होते, वसतिगृहे हवी होती, क्रीडांगण हवे होते आणि प्राध्यापकांची घरे हवी होती. इतकी सलग जागा सांगलीच्या पेठांत मिळणे शक्य नव्हते आणि मिरजेच्या कोटाजवळही नाही. ती मिळाली दोघांच्या मध्ये, विश्रामबागेत.

येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. एखादे कुटुंब माळावर घर बांधते तेव्हा ते चार गुंठे अडवते आणि शेजारचा वाटेल तसा बांधत जातो. एखादे कॉलेज मोठे आवार घेऊन बसते तेव्हा त्याच्या कुंपणाची रेषा हाच पुढे रस्ता होतो, फाटक हा चौक होतो, आणि त्या आवारातून कोणालाही गल्लीबोळ काढता येत नाही. संस्था जमीन विकत नाही, तुकडे पाडत नाही, आणि तिला पाणी, वीज व डांबरी रस्ता लागतो तेव्हा तो मागण्याइतके वजनही तिच्यापाशी असते. 1947 मध्ये धोंडुमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले, ते 1955 मध्ये वालचंद हे नाव घेऊन मोठे झाले, आणि तेही याच पट्ट्यात. 1960 मध्ये चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयाची त्यात भर पडली. चाळीस-पन्नास वर्षांत विश्रामबागेत इतक्या मोठ्या जागा शिक्षणसंस्थांकडे गेल्या, की उरलेली जमीन आपोआप त्यांच्या मधल्या चौकटींत विभागली गेली. नगररचनेचा आराखडा कागदावर येण्याआधी जमिनीवर आराखडा आखला गेला होता, फक्त त्याला तसे कोणी म्हणत नव्हते.

या चौकटींत घरे भरण्याचे काम स्वातंत्र्यानंतरच्या प्रशासनाने केले. 1948 मध्ये संस्थाने विलीन झाली आणि 1 ऑगस्ट 1949 रोजी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. जिल्हा आला की कचेऱ्या येतात आणि कचेऱ्यांबरोबर बदलीवर आलेली माणसे. दरबारी गावाला ही संख्या झेपणारी नव्हती. गावभागातल्या वाड्यांत खोल्या भाड्याने मिळत, पण मामलेदार कचेरीतला कारकून असो की पाटबंधारे खात्यातला अभियंता, त्याला स्वतंत्र स्वयंपाकघर, संडास आणि थोडे अंगण हवे होते. सरकारी निवासस्थानांची गव्हर्मेंट कॉलनी त्या गरजेतून आली. सहकारी साखर कारखाना, बँका, वीज मंडळ आणि कॉलेजे यांतल्या नोकरदारांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढल्या. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने त्यांना चौकट मिळाली होती आणि पगारातून हप्ता कापून कर्ज फेडणे शक्य झाले होते. नेमिनाथनगर, विद्यानगर, वारणाली ही नावे आज पत्त्यांत सर्रास दिसतात.

त्या काळातल्या एका बंगल्याची रचना जवळून पाहिली तर बरेच काही उलगडते. साधारण चार-पाच गुंठ्यांचा प्लॉट, मध्ये दोन-तीन खोल्यांचे बैठे घर, पुढे व्हरांडा, मागे धुणी-भांड्यांची मोरी, कुंपणाला नारळ आणि एखादे आंब्याचे झाड, आणि कोपऱ्यात सेप्टिक टँक व त्याला जोडलेला शोषखड्डा. भुयारी गटार नव्हतेच. सांडपाणी जमिनीतच मुरवायचे. मुरमाड जमिनीत शोषखड्डा वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो, कारण पाणी खाली झिरपत जाते. त्याच मापाचा खड्डा काळ्या मातीत काढला तर ती माती पाणी धरून ठेवते, दोन पावसाळ्यांत खड्डा तुंबतो आणि मैलापाणी अंगणात येते. घराच्या पायाचेही तसेच : मुरमावर दोन-अडीच फुटांवर पाया लागतो, तर काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पाडते. विश्रामबागेतल्या बैठ्या घरांना नगरपालिकेच्या मदतीवाचून दोन-तीन दशके निभावता आले त्यात रहिवाशांच्या शिस्तीचा वाटा असेलच, पण जमिनीचा अधिक होता, असे मला वाटते.

1970 च्या दशकाच्या आरंभी पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. नवी लाइन सांगलीजवळून गेली, नवे स्टेशन गावाच्या ईशान्येस आले आणि विश्रामबागेलाही स्वतःचे छोटे स्थानक मिळाले. गावातले जुने स्टेशन बंद पडले. 'स्टेशन चौक' हे नाव तेवढे राहिले आणि आजही सभा-मोर्चांच्या बातम्यांत ते रोज येते. रुळांच्या पलीकडे कुपवाडची औद्योगिक वसाहत वाढत गेली, मार्केट यार्ड गावाच्या पूर्वेला स्थिरावले, सांगली–मिरज रस्त्यावर एसटीची शहर बस सुरू राहिली. नोकरी कुपवाडला, मुले विलिंग्डन-वालचंदला, दवाखाना मिरजेला, बाजार सांगलीला : अशा कुटुंबाला विश्रामबागेहून सोयीची जागा दुसरी नव्हती. उपनगर म्हणावे तर एका शहराचे असते; हे दोन शहरांचे होते, आणि त्यामुळेच ते कोणाही एकावर फारसे अवलंबून राहिले नाही.

याच्या शेजारी शामरावनगरचे चित्र ठेवून पाहावे. 1980 नंतरच्या दोन दशकांत सांगलीत येणारा लोंढा नोकरदार मध्यमवर्गाचा उरला नव्हता. यंत्रमागावरचे, हमालीतले, कारखान्यांतले, खेड्यात शेती पुरेनाशी झालेले लोक शहरात येत होते आणि त्यांना विश्रामबागेतला बिगरशेती प्लॉट परवडणारा नव्हता. जमिनीचे तुकडे पाडण्यास बंदी घालणारा कायदा 1947 पासूनचा. शेतजमीन बिगरशेती करून, रस्ते व खुली जागा सोडून, मंजूर लेआउट करायचा तर खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. मग शेतकऱ्याकडून एखादी एकर-दीड एकर जमीन घ्यायची, तिच्यावर चुन्याच्या रेघा मारून गुंठे पाडायचे आणि शंभर रुपयांच्या स्टँपवर, नोटरीसमोर किंवा मुखत्यारपत्राने ते विकायचे, असा व्यवहार रूढ झाला. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. घेणाऱ्याच्या हातात पावती असते, सातबारावर नाव मात्र मूळ मालकाचेच किंवा दहा-वीस जणांचे सामाईक. पालिकेला तेथे रस्ता करायचा तर रस्त्याची जागा नकाशात नाही, गटार काढायचे तर उतार कोठे न्यायचा ते ठरलेले नाही. ही गुंठेवारी. घेणाऱ्यांना फसवले गेले असे सरसकट म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्या ऐपतीत बसेल असा कायदेशीर प्लॉट शहराने त्यांच्यासमोर कधी ठेवलाच नाही, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

शामरावनगरची जमीन सखल आणि काळी. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर चिखल, म्हणून रस्त्यावर मुरुमाचा भराव. भरावाने रस्ता वर येतो आणि आधी बांधलेली घरे खाली जातात, म्हणून पावसाचे पाणी घरात. पुढच्या घराचा मालक शहाणा होऊन जोते तीन फूट उचलतो, त्याचे पाणी शेजाऱ्याकडे वळते, आणि काही वर्षांनी पुन्हा रस्त्यावर भराव पडतो. दर पावसाळ्यात हा जिना एक पायरी चढतो आणि सर्वांत आधी आलेला रहिवासी सर्वांत खाली राहतो. राज्य सरकारने 2001 मध्ये गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला आणि 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या बांधकामांना शुल्क भरून नियमित होण्याची वाट दिली. 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. यामुळे घरमालकाच्या हाती दाखला आला, कर्ज मिळू लागले. पण दाखल्याने जमिनीचा उतार बदलत नाही, आणि एकदा घरांनी गिळलेला नैसर्गिक ओघळ शुल्क भरून परत येत नाही.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 9 फेब्रुवारी 1998 रोजी महानगरपालिका झाली. जमिनीवर दोन गावे केव्हाच जुळली होती. कायद्याने त्यांना उशिरा एकत्र आणले. 2011 च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या 5 लाखांच्या थोडी वर होती. महापालिकेने विश्रामबागेला नवे काही दिले असे नव्हे, पण एका अर्थाने तिचे स्थान मान्य केले : तीन शहरांचा भौगोलिक मध्य तोच होता. जिल्हाधिकारी कार्यालय जुन्या राजवाड्याच्या आवारातून विजयनगरला, म्हणजे विश्रामबागेच्याही पुढे मिरजेच्या दिशेने गेले, ही त्याच सरकण्याची पुढची पायरी आहे. वानलेसवाडीतही गेल्या दोन दशकांत वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि मोकळ्या हवेसाठी निवडलेल्या त्या परिसरात आता वाहने लावायला जागा मिळत नाही.

मग आले महापूर. 2005 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेले. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्याही वर चढले. मारुती चौक, गणपती पेठ, बस स्थानक, स्टेशन चौक, शामरावनगर पाण्यात होते. दुकानांतला माल, बँकांचे दप्तर, घरांचे तळमजले सगळे गेले. जुलै 2021 मध्ये त्याची पुन्हा उजळणी झाली. विश्रामबाग या साऱ्यात नदीच्या पाण्यापासून कोरडी राहिली आणि गावातल्या कितीतरी कुटुंबांनी तेथल्या नातेवाइकांकडे, शाळांत आणि मंगल कार्यालयांत आसरा घेतला. पाणी ओसरल्यावर त्यांतल्या ज्यांना जमले त्यांनी तेथेच फ्लॅट शोधायला सुरुवात केली. व्यापारी दुकान गणपती पेठेतच ठेवतो, कारण गिऱ्हाईक तेथे येते; राहायला मात्र वर जातो. म्हणजे पुराने विश्रामबाग निर्माण केली नाही, तिचा भाव वाढवला आणि तिचे रूप बदलले. जुने बैठे बंगले पाडून त्याच चार-पाच गुंठ्यांवर चार-पाच मजली अपार्टमेंट उभी राहू लागली. जेथे एक कुटुंब होते तेथे दहा-बारा आली, अंगणाच्या जागी पार्किंगचे काँक्रीट आले आणि नारळ गेले.

उपनगराची आजची अडचण या बदलातच आहे. एका कुटुंबाचे सांडपाणी मुरवणारा मुरूम बारा कुटुंबांचे मुरवू शकत नाही. त्याला गटार लागते, आणि चार-पाच गुंठ्यांच्या बंगल्यांसाठी आखलेल्या रस्त्याखाली ती मागाहून बसवावी लागते. पिण्याचे पाणी कृष्णेतून उपसून, शुद्ध करून चढावर ढकलावे लागते; उंचीमुळे पूर टळतो, पण त्याच उंचीची किंमत पंपाच्या विजेत मोजावी लागते. पावसाच्या पाण्याचे तर आणखी वेगळे आहे. पूर्वी अंगणांत आणि मोकळ्या प्लॉटांत जिरणारे पाणी आता डांबर आणि काँक्रीटवरून सरळ उताराला लागते, आणि त्याच्या वाटेत पुढे पश्चिम-दक्षिणेची सखल वस्ती असते. विश्रामबागेत बांधलेल्या प्रत्येक नव्या स्लॅबचा थोडा तरी हिशेब खालच्या अंगाला लागतो, आणि तो हिशेब बांधकाम परवान्याच्या फायलीत कोठेही मांडला जात नाही. दोन्ही वस्त्या एकाच महापालिकेत असताना तो मांडायला कायद्याची आडकाठी नाही.

विजयनगरपासून मिरजेच्या वेशीपर्यंतच्या उरलेल्या रिकाम्या जमिनींवर हाच क्रम आता नव्याने चालू आहे. फरक एवढाच, की 1919 मध्ये आलेल्या संस्थेने मोठे आवार घेतले आणि ते शंभर वर्षे राखले; आज येणारी संस्था दोन-तीन एकरांवर बहुमजली इमारत बांधते आणि सभोवतालची जमीन लेआउट पाडून विकली जाते. कॉलेजांची आवारे मोकळी राहिली म्हणून जुन्या विश्रामबागेत झाडे, मैदाने आणि पाणी मुरण्याची जागा टिकली. नव्या पट्ट्यात ते काम लेआउटमधल्या खुल्या जागांनाच करावे लागणार आहे. त्या जागा मंजुरीच्या वेळी प्लॉटांतून उरलेल्या वेड्यावाकड्या कोपऱ्यांत दाखवल्या जातात की ओघळांच्या काठाने सलग सोडल्या जातात, हे महापालिकेच्या नगररचना विभागात एकेका नकाशावर सही होताना ठरते.